मूर्तीची उंची : लागू नाही

सोलापुरातल्या आमच्या गल्लीतली बतुकम्मा, म्हणजे फुलांची ताटं मधे ठेवून बायकांनी फेर धरायचा आमचा तेलुगू सण, कायम अंगणात व्हायची. मोठं अंगण असलेली दोन घरं होती. दोन्ही वाडे पडले, अपार्टमेंट उभी राहिली, तळमजल्यावर पार्किंग आलं. मग आम्ही रस्त्यावरच फेर धरू लागलो. एकीकडून रिक्षा, दुसरीकडून दुधाची गाडी आणि मधे फुलांची ताटं. २०२४ ला एका दुचाकीचं चाक थेट ताटावरून गेलं. भांडण फुलांवरून सुरू झालं आणि "रस्ता काय तुमच्या बापाचा हाय का" इथपर्यंत पोचलं. त्या रात्रीच ठरलं की पुढच्या वर्षी रीतसर जागा घ्यायची.

रीतसर जागा घेणं म्हणजे काय काय असतं, ते २०२५ मध्ये कळलं. गणपतीवाल्या मंडळांना यातलं सगळं पाठ असतं. पण हादगा, बतुकम्मा, डोहाळजेवणाचा सामुदायिक कार्यक्रम असलं काही बायकांनी उघड्यावर करायचं म्हटलं की विचारायचं कुणाला, हाच पहिला प्रश्न. म्हणून सगळं लिहून ठेवतेय, कंटाळवाण्या भागासकट.

सोलापुरात राहूनही पूर्व भागात फारसं न येणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आम्ही पद्मशाली. आमचे पणजोबा-खापरपणजोबा तेलंगणातून विणकामासाठी इथं आले. घरी तेलुगू, शाळेत मराठी, समोरच्या काकूंशी मोडकंतोडकं कन्नड, मागच्या गल्लीत दखनी. बतुकम्मा सर्वपित्री अमावास्येला सुरू होते आणि दुर्गाष्टमीला संपते. ताटात भोपळ्याची पानं पसरायची, त्यावर तरवडाची पिवळी फुलं, मग कुर्डू, झेंडू, शेवंती असे गोल थर चढवत शिखर करायचं आणि टोकावर हळदीची गौरम्मा बसवायची. ही ताटं मधे ठेवून बायका भोवती टाळ्या वाजवत फिरतात. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी 'उय्यालो' म्हणून ती उचलायची. शेवटच्या दिवशी, सद्दुला बतुकम्माला, ताटं पाण्यात सोडायची आणि दहीभात, चिंचेचा भात, तिळाचा भात वाटून खायचा. एवढंच. मूर्ती नाही, मंडप नाही, भटजी नाही. पुढं सगळी अडचण या नसण्याचीच झाली.

पहिली बैठक ६ जुलैला झाली. २०२५ ला त्या दिवशी आषाढी एकादशी आणि मोहरमचा दहावा दिवस एकत्र आले होते. जिल्ह्यातला निम्मा बंदोबस्त पंढरपुरात, उरलेला शहरातल्या पंजांच्या मिरवणुकीला. रविवार असल्यानं विडीच्या कारखान्यांना सुट्टी होती, म्हणून सगळ्या जमल्या. साबुदाणा खाणाऱ्या दोघी, न खाणाऱ्या बाकीच्या. जागा म्हणून महापालिकेचा एक खुला प्लॉट डोळ्यासमोर होता. पोरं क्रिकेट खेळतात, कडेला बाभळी आहेत. जवळ मशीद आहे, दवाखाना नाही, शाळा बऱ्याच लांब. हे नंतर कामाला आलं, कारण दवाखाना, शाळा आणि कोर्टापासून शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात येऊ शकतो आणि तिथं माइकचा विषयच संपतो. जागा निवडताना आधी हे बघा, सावली-बिवली नंतर.

अर्ज कधी करायचा हे आम्हाला ९ ऑगस्टला, नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवात कळलं. रथाच्या मागं चालताना ओळखीच्या एका मंडळाच्या दादांना गाठलं. ते म्हणाले, "अक्का, गणपतीच्या आधी अर्ज टाका. एकदा गणपती बसला की अनंत चतुर्दशीपर्यंत तुमच्या कागदाकडं कुणी बघत नसतंय." अख्ख्या प्रकरणात मिळालेला हा सगळ्यात मोलाचा सल्ला. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, ईद-ए-मिलाद ५ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी ६ ला आणि सर्वपित्री २१ ला होती. म्हणजे अनंत चतुर्दशीनंतर अर्ज केला असता तर हातात जेमतेम दोन आठवडे, तेही पितृपक्षातले.

१८ ऑगस्टला सोमवारी आम्ही तिघी महापालिकेच्या झोन ऑफिसात गेलो. वदिना (म्हणजे वहिनी), मी आणि बारावीतली भाची. भाचीला नेण्याचं कारण म्हणजे तिचं अक्षर, आणि दुसरं म्हणजे तिला रांगेचा कंटाळा येत नाही, ती मोबाइल बघत तासभर उभी राहू शकते. बाहेर बसलेल्या टायपिस्टनं सांगितलं की हमीपत्राला पाचशेचा स्टॅम्प लागतो. आत विचारलं तर साध्या कागदावर चाललं. तेव्हा बाहेर पैसे मोजण्याआधी आत विचारा.

अर्जाचा नमुना सार्वजनिक उत्सवाचा होता, पण तो करताना कुणाच्या तरी डोळ्यासमोर गणपती होता हे उघड होतं. मंडळाचं नाव. स्थापना वर्ष. अध्यक्ष. मंडपाची लांबी-रुंदी. मूर्तीची उंची. मूर्तीचा प्रकार, शाडू की पीओपी. विसर्जन मिरवणुकीचा मार्ग. भाचीनं मूर्तीच्या रकान्यात आडवी रेघ मारली. टेबलावरच्या साहेबांनी पेन त्या रेघेवर टेकवलं.

"रकाना रिकामा चालत नाही."

"मूर्ती नाही ओ आमच्यात," वदिना म्हणाल्या.

"मग बसवणार काय?"

"फुलं."

"फुलं किती फुटाची?"

वदिनांनी हात कमरेपर्यंत नेला, मग जरा खाली आणला. साहेबांनी तो हात बघितला, चष्मा काढला आणि मागं फायली बांधत असलेल्या शिपाईमामांना कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. मामा सुतळी दातात धरूनच बोलले, "साहेब, ते आमच्यात असतंय. बायका करतात. मूर्ती नसती, हळदीची एक गोळी असती वर." मग आमच्याकडं वळून तेलुगूत, कुठली गल्ली, कुणाच्या घरच्या. त्यांची बहीण आमच्याच मागच्या बोळात दिलेली निघाली. साहेबांनी स्वतःच्या हातानं 'लागू नाही' असं लिहिलं, पुढं कंसात 'फुलांची रचना, अंदाजे ३ फूट'. मग थांबून म्हणाले, "विसर्जन लिहिलंय. मूर्ती नाही तर विसर्जन कशाचं? आणि कुठल्या पाण्यात?"

पाण्याचं पुढं सांगते. त्या दिवशीचं महत्त्वाचं काम वेगळंच होतं : पोच. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढच्या प्रत्येक कार्यालयात पहिला प्रश्न "झोनमध्ये दिलाय का अर्ज?" हाच असतो आणि उत्तर म्हणून तो शिक्का दाखवायचा असतो.

कारण सगळ्या परवानग्या एकमेकींच्या पदराला धरून उभ्या असतात. जागा देणारे म्हणतात, पोलिसांचं ना हरकत आणा. पोलीस म्हणतात, जागेचा कागद आणा. वीजवाले दोन्ही मागतात. वर्गणीची परवानगी देणारे जागेबरोबर अंदाजपत्रकही मागतात, आणि वीज किती लागणार हे कळल्याशिवाय अंदाजपत्रक होत नाही. यातून बाहेर पडायची वाट म्हणजे सगळीकडं एकाच आठवड्यात अर्ज टाकायचे आणि प्रत्येक अर्जाला दुसऱ्याची पोच जोडायची. मंजुरी नंतर जोडतो असं लिहून द्यायचं. आमचं हे सगळ्यांनी मान्य केलं, एका ठिकाणचा अपवाद सोडून. तिथल्या बाई दरवेळी नवीन कागद सांगायच्या आणि आधीचा नकोच होता म्हणायच्या. शेवटी भाचीनं त्यांच्याकडूनच कागदांची यादी लिहून घेतली, त्यांच्याच पेनानं. त्यानंतर यादी वाढली नाही.

वर्गणीबद्दल नीट सांगते, कारण बायकांच्या गटांना हे माहीतच नसतं. आपसात पाच-दहा जणींनी पैसे काढले तर गोष्ट वेगळी. पण घरोघर पावती फाडून वर्गणी गोळा करायची आणि तुमची नोंदणीकृत संस्था नाही, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते. अर्ज ऑनलाइन होतो. सभेचा ठराव सगळ्यांच्या सह्यांनिशी, आधार, जागेचा कागद, खर्चाचा अंदाज. आमच्या यादीत नगरसेवकाचं शिफारसपत्रही होतं. तेव्हा सोलापूर महापालिकेत मार्च २०२२ पासून प्रशासक होते. मग नगरसेवक आणायचा कुठून? विचारल्यावर माजी नगरसेवकांचं पत्र चालवून घेतलं. त्यांनी ते लगेच दिलं, निवडणूक कधीही लागेल अशी हवा होतीच.

ठरावासाठी नाव हवं होतं. अर्धा तास वाद झाला. कुणाला देवीचं नाव हवं, कुणाला नुसतं 'महिला मंडळ'. अव्वा (आमची आजी) म्हणाली, गल्लीचं नाव घाला, म्हणजे पुढं भांडण झालं तरी नाव मोडत नाही. तसंच झालं. अध्यक्षपदाला मात्र कुणी तयार होईना. सही करायची म्हणजे पोलीस घरी येणार, असा सगळ्यांचा समज. शेवटी वदिना अध्यक्ष, मी सचिव आणि खजिनदार म्हणून समोरच्या कन्नड काकू, कारण त्यांचा भिशीचा हिशेब पंचवीस वर्षांत चुकलेला नाही. त्या लिंगायत, बतुकम्मा त्यांच्या घरची नाही. पण वहीवर नाव लागल्यापासून आमच्यापेक्षा त्यांनीच जास्त धाक घातला.

४१ क ची परवानगी १२ सप्टेंबरला आली. घरटी शंभर रुपये ठरवले. आमच्याकडं बऱ्याच घरांत विडीची मजुरी आठवड्याला मिळते, म्हणून पन्नास-पन्नास असे दोन हप्ते. पावती पुस्तक क्रमांकाचं छापून घ्या, हिशेब देताना तोच आधार. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर घरकुलात राहायला गेलेल्या जुन्या शेजारणींनी निरोप पाठवून स्वतःहून पैसे दिले. ते घरकुल २००६ मध्ये झालं तेव्हा आमची निम्मी गल्ली तिकडं गेली. सणाला त्या अजून इकडंच येतात.

पोलीस ठाण्यातला अनुभव ऐकीव भीतीपेक्षा बरा निघाला. अर्जासोबत प्लॉटचा हातानं काढलेला नकाशा, स्वयंसेवक महिलांची नावं आणि फोन, वाहनं कुठं लागणार, आणि आवाजाची साधनं. आवाजाचे नियम २००० सालचे आहेत : रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. वर्षातले काही ठरावीक दिवस बारापर्यंत सूट असते, ती जाहीर होते, आपल्या मनानं धरायची नसते. आमच्या पोरींना डीजे हवा होता. हमीपत्र वाचून दाखवल्यावर निम्म्या गप्प झाल्या. उरलेल्यांना अव्वानं विचारलं, "टाळीचा आवाज ऐकू आला नाही तर पाय कशावर टाकणार?" एक माइक आणि दोन लहान पेट्या, एवढंच अर्जात लिहिलं.

मग शांतता समितीच्या बैठकीचं बोलावणं आलं. मी कधी गेले नव्हते. हॉलमध्ये नवरात्राची मंडळं, मशिदींचे विश्वस्त, शक्तिदेवीच्या मिरवणुकांचे कार्यकर्ते. बायका म्हणाल तर आम्ही दोघी आणि एक महिला पोलीस. सोलापूरचं वर्ष पोलिसांच्या नजरेतून कसं दिसतं, ते तिथं कळलं. १२ जानेवारीला चार हुतात्म्यांचं अभिवादन : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १९३१ मध्ये याच तारखेला फाशी दिली. ते झालं की लगेच सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावर शोभेचं दारूकाम. मग शिवजयंती, आंबेडकर जयंती, बसव जयंती, पंजे, रथोत्सव, गणपती, ईद, नवरात्र आणि शेवटी कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणारी गर्दी. आपण ज्याला सण म्हणतो त्याला तिकडं बंदोबस्त म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला पहिल्यांदाच त्या खाकीतल्या लोकांची दया आली.

तिथंच आमच्या प्लॉटजवळच्या मशिदीचे चाचा भेटले. त्यांचा मुद्दा साधा होता : मगरिबची (संध्याकाळची) नमाज साधारण साडेसहाच्या आत-बाहेर आणि इशाची (रात्रीची) आठच्या सुमारास, तेव्हा माइक नको. आमचा मुद्दा : बायका विड्या वळून, स्वयंपाक आटपून सातशिवाय मोकळ्या होत नाहीत. दोन्ही बाजूंनी जरा ताणलं. चाचांबरोबरचा एक मुलगा म्हणाला, दरवर्षी नवीन कार्यक्रम सुरू झाले तर रस्त्याचं काय. मला राग आला, पण म्हणणं खोटं नव्हतं, शुक्रवारी त्याच रस्त्यावर त्यांचीही गर्दी असतेच. शेवटी वेळ ठरली : सव्वासातला फेर, इशाच्या वेळेला वीस मिनिटं माइक बंद, त्यात प्रसाद वाटायचा आणि साडेनऊला आवरायचं. वाहनं मशिदीच्या मागच्या मोकळ्या पट्ट्यात लावायची सोय चाचांनीच सुचवली, वर बजावलं की हॉर्न वाजवायचा नाही. हे सगळं आम्ही एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या आणि पोलिसांच्या अर्जाला जोडलं. तुमच्या भागातही अशी बोलणी तोंडी झाली तरी कागद करा. अधिकारी बदलतात.

दहाही दिवसांची परवानगी मागायचा आमचा बेत होता. २०२५ ला तृतीया दोन दिवस असल्यानं बतुकम्मा २१ ते ३० सप्टेंबर अशी लांबली होती. झोनमधल्या साहेबांनी हिशेब मांडून दाखवला : जागेचं भाडं दिवसावर आणि क्षेत्रफळावर. मग पहिला आणि शेवटचा दिवस प्लॉटवर, मधले दिवस आपापल्या पार्किंगमध्ये. मंडपही रद्द केला, नुसते चार खांब आणि दिव्यांच्या माळा. खड्डे खणायचे नाहीत अशी अट असते, तेव्हा खांब वाळूच्या डब्यात उभे करतात. मंडपवाल्याला हे आधीच सांगा, नाहीतर तो पहार घेऊनच येतो.

विजेचं तात्पुरतं कनेक्शन घेतलं. शेजारच्या घरातून वायर ओढायला सगळे तयार होते आणि "आकडा टाका की" म्हणणारेही होते. पण ओल्या मैदानावर, बायकापोरांत, तो धोका नको. परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल, अर्ज आणि अनामत, असं काम झालं. अनामत वापर वजा करून परत मिळते. पावती जपून ठेवा. काकूंनी सगळ्या पावत्या लॅमिनेट करायचं काढलं होतं, मोठ्या मुश्किलीनं थांबवलं.

आता पाणी. आधीच्या बायका ताटं तळ्यात सोडायच्या. सिद्धेश्वर तलाव किंवा कंबर तलाव. फुलं आणि हळद, यात प्रदूषण कसलं, असं आमचं म्हणणं. पण दोनशे ताटांची फुलं एकाच काठावर कुजली की काय होतं तेही सगळ्यांना माहीत आहे, आणि रात्री बायकांची मिरवणूक तळ्यापर्यंत न्यायची तर वेगळी परवानगी, वेगळा बंदोबस्त. अर्जात 'कार्यक्रमस्थळी कृत्रिम हौद' असं लिहिलं. विटांचा चौकोन, आत जाड ताडपत्री, टँकरचं पाणी. अव्वा चार दिवस बोलली नाही. गौरम्माला ताडपत्रीत सोडायचं म्हणजे काय! शेवटी तिनं स्वतःच तोडगा काढला : रूपाभवानीच्या देवळातून एक तांब्या पाणी आणून आधी हौदात ओतायचं. हे कुठल्याही अर्जात लिहावं लागलं नाही.

पोलिसांची अंतिम परवानगी १९ सप्टेंबरला हातात आली. मीटर २० ला बसलं. आणि पाऊस थांबेना.

सप्टेंबर २०२५ सोलापूर जिल्ह्यानं कसा काढला ते सांगायला नको. पहिला दिवस, २१ तारीख, आम्ही चिखलातच केला. एक टेम्पो मुरूम टाकला होता, तो पुरला नाही. बायकांनी चपला काढून कडेला ठेवल्या त्या परत कुणाच्या कुणाला मिळाल्या. त्यानंतरच्या आठवड्यात सीनेला पूर आला, गावंच्या गावं पाण्यात गेली, पुण्याकडचा आणि विजापूरकडचा रस्ता बंद पडला. आमच्या गटातल्या दोघींचं माहेर सीनाकाठचं. शेवटचा दिवस करायचा की नाही, यावर परत बैठक बसली. रद्द करा म्हणणाऱ्याही होत्या. त्या दोघींनाच विचारलं. एक म्हणाली करा, दुसरी म्हणाली मी येणार नाही पण करा. दिव्यांच्या माळा कमी केल्या आणि ते पैसे पूरग्रस्तांसाठी धान्याच्या किटमध्ये घालायचं ठरलं. काकूंनी तिथंही सांगितलं की ४१ क ची परवानगी बतुकम्मासाठी आहे, वर्गणीतले पैसे दुसरीकडं वळवता येणार नाहीत. म्हणून किटचे पैसे वेगळे काढले, वेगळ्या वहीत. नियम म्हणून हे लक्षात ठेवा.

फुलांची पंचाईत झाली. झेंडू पावसानं कुजलेला, जो होता त्याचा भाव सोन्याचा. पण कुर्डू आणि तरवड ही माळरानाची, कुणी न लावलेली फुलं. त्या पावसात कुर्डू तर शेतांच्या बांधावर माजलं होतं. २९ ला पहाटे आठ-दहा जणी टेम्पो करून अक्कलकोट रस्त्याकडच्या माळावर गेल्या आणि पोती भरून आणलं. कुर्डूची कणसं पांढरी-गुलाबी असतात, ती देठासकट एका मापाची कापायची, टोकं रंगाच्या पाण्यात बुडवायची, सुकवून मग थर लावायचा. त्या वर्षी झेंडूचा केशरी थर जवळपास नव्हताच. पिवळा, पांढरा, गुलाबी, परत पिवळा. म्हाताऱ्या म्हणाल्या, आमच्या लहानपणी असंच असायचं, झेंडू कुठला परवडायला.

३० तारखेला संध्याकाळी ढग होते, पाऊस नव्हता. सव्वासातला माइक सुरू झाला. आमच्या पोरींना तेलुगू वाचता येत नाही, त्यांनी गाणी देवनागरीत लिहून वह्या केल्या होत्या. त्यात दर ओळीपुढं 'उय्यालो' लिहायचा कंटाळा आला म्हणून नुसता 'उ.' लिहिलेला. समोरच्या मराठी काकू-वहिनी हादग्याच्या सवयीनं फेरात शिरल्या, पावलं जमायला दोन गाणी लागली. आठला माइक बंद झाला तरी गाणं थांबलं नाही, आवाज उतरवून, टाळी हलकी करून चालूच राहिलं. मी घाबरून चाचांकडं बघितलं. ते पार्किंगपाशी एका रिक्षावाल्याला हॉर्नवरून झापत होते. साडेनऊला हौदाभोवती रांग लावली. इथं स्वयंसेवक कमी पडल्या. पुढच्या वेळी हौद दोन करू. दीडशे-दोनशे बायका एकाच हौदाशी थांबल्या की मागच्या ढकलतात. महिला पोलीस दोघी होत्या, त्यांनी शेवटी ताटं हातात घेऊन सोडायला मदत केली.

खर्च सगळा धरून सव्वीस-सत्तावीस हजार झाला. सगळ्यात जास्त मुरूम आणि टँकरवर. माइकवाल्यानं दोन दिवसांचे चार हजार घेतले. फुलांवर ठरवलं होतं त्याच्या निम्मंही लागलं नाही, त्याचं कारण वर आलंच.

कार्यक्रम झाला म्हणजे काम संपलं असं समजू नका. हौदातली फुलं दुसऱ्या दिवशी निर्माल्याच्या गाडीत द्यावी लागतात, त्यासाठी आधी फोन करून वेळ घ्या. वर्गणीचा हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो, तो दिला नाही तर पुढच्या वर्षीची परवानगी अडते. वीज बंद करण्याचा अर्ज वेगळा करावा लागतो, आपोआप बंद होत नाही. आणि जागा पूर्ववत केल्याची पाहणी होते. पाहणीला आलेल्या साहेबांनी मैदान बघितलं. खड्डा एकही नव्हता, पण सगळीकडं आमचा मुरूम दाबून बसलेला. "हे तुम्ही काढणार का?" असं त्यांनी विचारलं. तेवढ्यात पोरं बॅट घेऊन आली आणि त्यांनीच ओरडून सांगितलं, काढू नका. साहेबांनी हसून 'पूर्ववत' असा शेरा मारला.

जागेची अनामत दिवाळीनंतर खात्यात आली, विजेची त्याआधीच. आमची फाइल, म्हणजे सगळ्या अर्जांच्या प्रती, पोच, ठराव, मशिदीशी झालेला कागद आणि यादीवाल्या बाईंच्या हस्ताक्षरातली ती यादी, मागच्या गल्लीतल्या हादगावाल्या बायकांनी नेली आहे. त्यांच्याकडं नसेल तर काकूंकडं एक जादा संच आहे. झेरॉक्स स्वतःच्या खर्चानं काढायची, असं काकूंनी सांगितलंय.